पुरवणी जबाब

घाटकोपर (पूर्व),
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय द्रौपदी,
जय भीम.

हे पत्र तुला आहे, आणि आपल्या वस्तीतल्या त्या प्रत्येक आईला आहे जिच्या तरण्या पोराच्या दाखल्यावर ‘हार्ट अटॅक’ लिहून घेतला गेला. आपल्याच गल्ल्यांतल्या पोरांची हृदयं विशीत का बंद पडतात, हे कुणी विचारलं नाही. डॉक्टरने नाही, पोलिसांनी नाही, आपण तर नाहीच नाही. चिरफाड नको, बदनामी नको, बहिणीचं लग्न व्हायचंय, लिहा हार्ट अटॅक. संध्याकाळपर्यंत सगळं आटपायचं आणि आठवड्याने शोकसभा.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. माहुलला नणंदेकडे तुझी खोकल्याने वाट लागली आहे असं कळलं. तिथली रिफायनरीची हवा तुला मानवणार नाही हे मी म्हणालो असतो, पण तू मला विचारून गेली नाहीस. इकडे विहाराला रंग लागतोय. तुझ्या प्रेमावहिनीचं बीपी वाढलंय. ती माझ्याशी बोलत नाही. आमचा प्रांजल कामावर जातो, येतो, जेवतो.

तुझा सम्यक गेला त्या वेळी मी अडून बसलो, ते तू मला माफ केलेलं नाहीस. डॉक्टर दाखल्याचं पॅड घेऊनच आला होता. शेजारी म्हणत होते, काका, लिहून घ्या, बॉडी लवकर निघेल. मी म्हणालो, आपल्या घरातून तरी खोटा दाखला निघणार नाही, पोस्टमॉर्टेम होणार. तू माझे पाय धरलेस. म्हणालीस, “दादा, नको रे. हात जोडते. कुणाचं काही शोधू नको.”

मी भाऊ म्हणून ऐकायला हवं होतं असं तुला वाटतं. मला आजही वाटत नाही. अहवालात एमडी आलं, ती नशेची पावडर. विष म्हणून आलं, कागदावर आलं. आपल्या वस्तीत पहिल्यांदा एका पोराचं मरण खरं लिहिलं गेलं.

मग मी चौकात सभा घेतली. तू नव्हतीस. मी सांगितलं की अमली पदार्थांचा कायदा वजन बघतो. खिशात किती ग्रॅम सापडले त्यावर शिक्षा. थोडा माल असेल तर माणूस जामिनावर बाहेर येऊन पुन्हा त्याच नाक्यावर उभा. त्या पुडीने कोण मेलं, हे त्या तराजूत बसतच नाही. मी म्हणालो, मेलेल्याचा जाब मागायचा तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला पाहिजे, मग तो विकणारा कुणाचाही मुलगा असो. टाळ्या पडल्या. माईकची वायर प्रांजलने जोडली होती. सभा संपल्यावर त्यानेच ती गुंडाळली, आणि मला पाण्याची बाटली आणून दिली.

द्रौपदी, आता लिहितो.

पुढच्या सभेची तयारी करत बसलो होतो. प्रेमाला म्हणालो, त्या हरामखोराला मी सोडणार नाही. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “ज्याला सोडणार नाही म्हणताय तो आत जेवतोय.”

मग तिने सगळं सांगितलं. सम्यक घामाने निथळत घरी आला, छातीवर हात दाबून तुला म्हणाला, आई, प्रांजलदादाकडून घेतली होती, जास्त झाली. रिक्षा येईपर्यंत तो गेला. तू पहिला फोन प्रेमाला केलास. डॉक्टरच्या आधी, माझ्या आधी. म्हणालीस, “वहिनी, माझा गेला. तुझ्याला सांभाळ.”

म्हणजे तू माझे पाय धरलेस तेव्हा तुझं पोर शेजारी गार पडलं होतं आणि तू माझ्या पोरासाठी विनवत होतीस. आणि मी तुला खोट्या दाखल्यावर भाषण देत होतो.

मी आत गेलो. प्रांजलला विचारलं, दिलीस का? तो म्हणाला, “पप्पा, तुम्ही मला विचारताय की पब्लिकला ऐकवताय?” ताट उचलून मोरीत ठेवलं आणि चप्पल घालून बाहेर पडला. 

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. तपास करणाऱ्या साहेबाला सगळं सांगितलं. तो चांगला माणूस आहे, चहा पाजला. म्हणाला, काका, तुमचं हे ऐकीव आहे. बायकोने तुम्हाला सांगितलं, तिला तुमच्या बहिणीने सांगितलं. बहिणीच्या जबाबात तर ‘मला काही माहीत नाही’ असं आहे. शुक्रवारी मी अकस्मात मृत्यू म्हणून फाईल बंद करून वर पाठवतोय. आणि मग, मला आवडलं नाही तरी लिहितो, तो म्हणाला, घरी जा, एकच मुलगा आहे ना?

तू उपकार केलेस असं तुला वाटतं. प्रेमा तुला देवी मानते. मला मात्र रोज त्या पोरासमोर बसून जेवावं लागतं. तो अजून त्याच मित्रांत जातो. खिशात काय असतं मी विचारत नाही, कारण मला खरं सांगणारा माणूस या घरात उरलेला नाही. उद्या आणखी कुणाचा मुलगा घामाने निथळत घरी येईल, तेव्हा त्या आईला सांगायला तू माहुलहून येणार आहेस का?

प्रांजल माल पुरवणाऱ्या वरच्याचं नाव सांगून सुटेल, अशी लालूच मी तुला दाखवणार नाही. कदाचित सुटणार नाही. दहा वर्षंही होतील. त्याच्या आईने मला घराबाहेर काढलं तरी मी ते धरून चाललोय. पण मरणाऱ्याने मरताना जे सांगितलं ते कायदा ऐकतो, आणि सम्यक ते जगात फक्त तुला सांगून गेला. तू गप्प बसलीस तर तो काहीच न बोलता गेला असं होईल.

गुरुवारी अकरा वाजता पोलीस ठाण्यात ये. मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही, तुझ्याकडे बघणारही नाही. पुरवणी जबाब द्यायचाय म्हण. साहेब नाव विचारेल तेव्हा नुसतं प्रांजल म्हणून थांबू नकोस. पूर्ण सांग. प्रांजल अंबादास हिवराळे. मधलं नाव गाळू नकोस.

तुझा दादा,
अंबादास