सिमेंटच्या रंगाचा स्वेटर

३ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ

शिवानीची तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. डॉक्टरांनी सांगितलं, इंदूने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पहिलं बाळंतपण, म्हणजे आमच्याकडे. मुलगी परवाच निजामाबादहून आली.

चहाच्या वेळी मी जाहीर केलं की बाळ हॉस्पिटलमधून घरी येईल ते माझ्या हातच्या स्वेटरमध्ये. सगळ्यांनी कप खाली ठेवले. प्रभाव पडला. मग ओमकार म्हणाला, बाबा, आर यू ओके? इंदू म्हणाली, बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता. मुद्दा गैरलागू. बांधकाम खात्यात असताना मी दोन पूल बांधले. विणकाम म्हणजे आडव्या-उभ्याचा हिशोब, बायकांनी त्याचं उगीच गूढ करून ठेवलंय.

या घरात आजवर सगळे स्वेटर इंदूचे. साखरपुड्यानंतर मला पाठवलेला मरून, पोरांचे शाळेचे निळे, माझा रिटायरमेंटचा बिनबाह्यांचा. प्रत्येक फोटोत तिचा हात दिसतो. या बाळाच्या पहिल्या फोटोत माझी वस्तू असणार. ठरलं.

५ नोव्हेंबर

आबिड्सच्या बाजारात जाऊन लोकर आणली. सिमेंटचा रंग. मळ दिसत नाही, मुलगा-मुलगी दोघांना चालतो. दुकानदार म्हणाला, चाचा, बच्चे के वास्ते है तो पतली लेव, ये मोटी है. मी म्हटलं, मोटी म्हणजे मजबूत. तो म्हणाला, मर्जी आपकी, ब्रिज थोडी बनारे आप. माझं खातं त्याला कसं कळलं, समजलं नाही.

८ नोव्हेंबर

यूट्यूबवर शिक्षण सुरू. बाई तेलुगूत बोलते आणि फार घाई करते.

मापं काढली. नेटवर नवजात बाळाची छाती तेरा इंच. वाढीसाठी दोन इंच, धुतल्यावर आटेल म्हणून दोन, हालचालीसाठी दोन. फॅक्टर ऑफ सेफ्टी. शिवाय नेटवर विश्वास नाही म्हणून आणखी दोन.

इंदू म्हणाली, आधी चार बोटांचा नमुना विणून मोजून बघा. मी म्हटलं, पूल बांधण्याआधी कुणी चार बोटांचा पूल बांधत नाही.

१६ नोव्हेंबर

स्वेटरची पाठ सुरू. सुलट टाका जमला. उलटही जमला, फक्त केव्हा घ्यायचा ते आधी कळत नाही.

इंदू म्हणते टाके सैल पडताहेत. हे हैदराबाद आहे, सिमला नाही. हवा खेळती हवी.

२५ नोव्हेंबर

इंदूने कपाटं उपसली आहेत. मऊ झालेल्या सुती साड्या, जुनी दुपटी, शिवानीचा तान्हेपणीचा पिवळा स्वेटर, मुळात इंदूने भाच्यासाठी विणलेला. तोच पुढे ओमकारने घातला, मग माझ्या बहिणीच्या पोरांनी. कोपरं विरलेली. सगळं धुऊन गच्चीत वाळत घातलंय. वय झालं की माणूस आठवणींत रमतो. मी विणत राहिलो.

४ डिसेंबर

पाठ पूर्ण. शिवानीने अंगाला लावून पाहिली. म्हणाली, बाबा, यात मी बाळासकट मावते.

काळजीचं कारण नाही. जावयाकडची माणसं थोराड आहेत, बाळही तसंच निघेल. शिवाय हा स्वेटर पहिलीपर्यंत जाईल. इंदूचे स्वेटर वर्षात तोकडे व्हायचे.

११ डिसेंबर

थंडी पडली. नल्लकुंट्याच्या पार्कात काम घेऊन गेलो. लक्ष्मणराव, आमच्या वॉकिंग ग्रुपमधले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, अंबाजी, जाळं झकास झालंय, हुसेनसागरात कधी टाकणार? बाकीचे हसले. मत्सर.

२० डिसेंबर

पुढचा भाग झाला. पाठीपेक्षा बराच रुंद. हात मोकळा झाल्याची खूण. इंदू म्हणाली, उसवा. मी नकार दिला. खात्यात आम्ही कधी उसवलं नाही, सुधारित अंदाजपत्रक काढलं.

नवं उद्दिष्ट: दहावीपर्यंत जाईल.

१ जानेवारी

संकल्प. रोज दोन तास विणकाम, टीव्ही बंद.

२ जानेवारी

टीव्ही चालू ठेवूनही विणता येतं, हा शोध लागला.

३ जानेवारी

येत नाही. अकरा टाके निसटले, कुठे गेले सापडत नाहीत.

१० जानेवारी

विहीणबाईंचा, म्हणजे शिवानीच्या सासूबाई पार्वतीबाईंचा फोन. त्यांनी विचारलं, बाळासाठी जुनं काही काढून ठेवलंय ना? मी म्हटलं, ताई, जुन्याची चिंताच नको, आमच्याकडे सगळं कोरं होणार. त्यांनी पुन्हा विचारलं, कोरं? मग म्हणाल्या, इंदुताईंना द्या फोन. भारावल्या असाव्यात.

१८ जानेवारी

बाह्या झाल्या. डावी लांब आहे. मूल वाढतं तेव्हा दोन्ही हात एकदम वाढतातच असं नाही, असं कुठेतरी वाचलंय. बहुधा वाचलंय.

ओमकारने घालून बघितला. त्यालाही ढगळ. म्हणाला, बाबा, ये तो पूरे खानदान का है.

थंडी ओसरली. दुपारी पंखा लावला. स्वेटरशी याचा संबंध नाही.

२७ जानेवारी, संध्याकाळी

मुलगी झाली. दोघी ठणठणीत. तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी आहे. बराच वेळ बघत बसलो.

गळा अजून बाकी. कॉरिडॉरमध्ये बसून विणला. तातगारू, म्हणजे आजोबा, अशी हाक मारून नर्सने विचारलं, अपने लिए बना रहे? मी म्हटलं, नातीसाठी. ती परत आत जाऊन बाळाला बघून आली.

२९ जानेवारी

गळा पूर्ण. बटणं मी स्वतः लावली. इंदूला मुद्दाम बोलावून दाखवली. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, उद्या डिस्चार्ज आहे, लवकर आवरा. डोळे भरून आले असावेत, लगेच आत गेली.

३० जानेवारी, दुपारी चार

नोंद शांतपणे करत आहे.

डिस्चार्जचे कागद झाले. मी पिशवीतून स्वेटर काढून पलंगावर पसरला. पलंग झाकला गेला. नातीसाठी आलेल्या पार्वतीबाई म्हणाल्या, अहो दादा, बारशाआधी लेकराच्या अंगाला कोरं लावतात का? आधी जुनं, कुणीतरी वापरलेलं. मी इंदूकडे पाहिलं. तिने पिशवीतून तो पिवळा स्वेटर काढला, विरल्या कोपरांचा. बाळाला घातला. बरोबर बसला.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? इंदू म्हणाली, दोन पोरांचे बाप तुम्ही, माहीत असेल असं वाटलं. दोघांना यातच घरी आणलं होतं. मग बाळाच्या बाहीची घडी घालत म्हणाली, तुम्ही दोन्ही वेळेला साइटवर होता.

होतो. पुलाचं काम चालू होतं.

फोटो काढला. त्यात माझी वस्तू आहे. बाळाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून ओमकारने ती खिडकीला अडकवली. ऊन बऱ्यापैकी गाळून येतं.

घरी आल्यावर पार्वतीबाईंनी समजूत काढली. म्हणाल्या, नाराज नका होऊ दादा, घरातल्या कुणीतरी अंगात घालून मऊ करा, मग आपण पोरीला घालू. सगळ्यांनी घालून पाहिला. मलाच बसतो. डावी बाही दोनदा दुमडावी लागते. शिवानी म्हणाली, पोरगी कॉलेजला जाईपर्यंत बरोबर जुना होईल, बाबा.

अठरा वर्षं. उशीर करून चालणार नाही. उद्या सकाळपासून मी तो घालणार आहे. पार्कातही. उद्या दुपारी बत्तीस डिग्री, असं ओमकारने मोबाईलवर बघून सांगितलं.