हिरव्या वहीतली तारीख

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा वकिली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांची गरज नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आयुष्यभर तो मीच इतरांवर आणत आले. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे मुलाला दिले होते, ते रद्द समजावे.

कलम १. माझा एकुलता एक मुलगा वकीलच आहे. दुसऱ्या शहरात मोठ्या कंपन्यांची कामे पाहतो आणि उत्तम पाहतो. माझ्या शनिवारच्या मोफत सल्ल्याला तो ‘आईचा विरंगुळा’ म्हणतो. बँकेत जे असेल ते त्याचे. घर त्याचे नाही. ते मी स्वकमाईतून घेतले आहे, वडिलोपार्जित नाही, तेव्हा कोणाला द्यायचे हे मी ठरवणार. बाळा, तू दावा लावशील हे मला ठाऊक आहे. त्याची तजवीज कलम ५ मध्ये केली आहे.

कलम २. मोफत वकिलीबद्दल मिळालेली भिंतीवरची तिन्ही मानपत्रे कोर्टाच्या बार रूममधल्या ‘फोटोवाल्या’ वकिलांना द्यावीत. हे गृहस्थ वर्षातून एका शनिवारी छायाचित्रकार घेऊन यायचे. एखाद्या म्हातारीचा अर्ज हातात धरून फोटो काढून घ्यायचे आणि तोच अर्ज खिशात घालून चालते व्हायचे. एकदा तर अर्ज धोब्याकडून परत आला, इस्त्री करून. मानपत्रांच्या चौकटी चांगल्या लाकडाच्या आहेत. माझ्या नावाच्या जागी त्यांनी आपले नाव घालावे. कलम ३ वाचल्यावर कळेल की त्यात फार मोठी फसवणूक होणार नाही.

कलम ३. हिरवी वही. हे कलम लांब आहे आणि मला ते टाळायचे होते.

छापखान्याच्या वरच्या खोलीत मी एकतीस वर्षे दर शनिवारी फुकट वकिली केली आणि नव्या वकिलांना ती करायला शिकवली. अकरा जण आले, नऊ जण वर्षाच्या आत कंटाळले. जे टिकले त्यांना माझा एक नियम पाळावा लागे: वह्या दोन. काळ्या वहीत पैशाच्या कामांच्या तारखा, ती रोज सकाळी उघडायची. हिरव्या वहीत मोफत कामांच्या, ती शनिवारी. एकाच वहीत लिहिले तर पैशाची कामे मोफत कामांना चिरडतील, असे मी सांगत असे. ऐकायला छान वाटायचे. दोन-तीन ठिकाणी त्यावर मी भाषणही केले.

माझी सर्वांत हुशार शिष्या पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, “मॅडम, वही एकच ठेवू या. तारीख काही शनिवार बघून येत नाही.” मी तिला गप्प केले.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक शिलाईवाली आली. वीस वर्षे एका भाड्याच्या खोलीत राहून तिथेच मशीन चालवत होती. आजारी बहीण सोबत राहायला आली, तर घरमालकाने त्या बहिणीलाच पोटभाडेकरू ठरवले आणि खोली सोडण्याचा हुकूम मिळवला. अपील आम्ही जिंकलोच असतो. हुकमाची नक्कल माझ्या हातात आली, अपिलाची शेवटची तारीख मी माझ्या हाताने हिरव्या वहीत लिहिली आणि वही मिटली. शेवटचा दिवस गुरुवार होता. वही उघडली शनिवारी.

माझ्याच अक्षरातली तारीख दोन दिवसांपूर्वी उलटून गेली होती. वही मी खणात कुलूपबंद केली. सोमवारी मधल्या सुट्टीत, भरल्या बार रूममध्ये, मी माझ्या शिष्येला म्हणाले, “फुकटचं काम म्हणून झोपा काढल्यास ना?” तिने हातातली फाइल बांधली आणि पुढच्या सुनावणीला निघून गेली. एवढ्यावर थांबले असते तरी एकवेळ. उशीर माफ करावा म्हणून जो अर्ज केला, त्यातही मी शपथेवर लिहिले की उशीर कनिष्ठ वकिलाच्या हलगर्जीपणामुळे झाला. अर्ज फेटाळला गेला. खोली गेली. शिष्या महिन्याभरात सोडून गेली. बार रूमने तिला ‘मुदतबाह्य’ हे नाव पाडले आणि मी ते ऐकून चहा पीत राहिले.

ती शपथ खोटी होती. तारीख माझी, वही माझी, नियम माझा.

कलम ४. माझा काळा कोट. खोली गेल्यावर तीन महिन्यांनी शिलाईवाली शनिवारी आली. मला वाटले, आता ही चार शब्द सुनावणार. तिने कोट मागून घेतला, फाटलेले अस्तर बदलून आणून दिला आणि म्हणाली, “तुम्ही तरी काय करणार बाई, ती पोरगीच बेफिकीर निघाली.” त्या दिवशी तरी खरे बोलायचे होते. नाही बोलले. अस्तर इतके सुरेख बसवले आहे की कोट अंगात घालवत नाही. मेल्यावर तो माझ्या अंगावर घालू नये. हे मृत्युपत्र बार रूममध्ये, मधल्या सुट्टीत, मोठ्याने वाचून दाखवावे. फोटोवाले हजर असावेत.

कलम ५. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, शिलाईवालीला मिळावे. आज ती लेकीच्या घरी बोळात झोपते आणि मशीन ताडपत्रीखाली असते. माझ्या पुढच्या खोलीत सकाळी चांगला उजेड येतो, मशीन तिथे लावावे. मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी माझ्या त्या शिष्येकडे सोपवते. मुलाने दावा लावल्यास शिलाईवालीची वकिली तिने करावी. फी मागू नये, असे लिहिणार होते. पण तिला काही सांगण्याचा अधिकार मी गमावला आहे. ती ठरवील.

साक्षीदार दोघे: माझे डॉक्टर आणि कोर्टासमोर जिन्याखाली बसणारे टायपिस्ट. टायपिस्टना माझे शाईचे पेन द्यायची इच्छा होती, पण साक्षीदाराला काही देणे बरे नव्हे. तेव्हा पेन नाही.

कलम ६. हे कलम हाताने लिहिले आहे, कारण ते टाइप केलेल्या मजकुरात नव्हते.

पाचवे कलम टाइप करून टायपिस्ट थांबले आणि म्हणाले, “बाई, हे मेल्यावर कशाला? तुमची शिष्या समोरच्याच इमारतीत बसते की.” मला त्यांचा राग आला. मग मी हिरवी वही घेऊन दोन जिने चढले. तिच्याकडे पक्षकार होते. तिने मला बाकावर बसवून ठेवले, इतरांसारखेच. आत गेल्यावर वही तिच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले. तिने वही उघडली नाही.

“मला माहीत होतं, मॅडम. त्या शनिवारी खोली मीच उघडली होती. वही तुमच्या आधी मी पाहिली.”

मग बोलली का नाहीस, असे मी विचारले.

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.”

नऊ वर्षे. मी माफी मागितली. तिने माफ केले असे म्हटले नाही, नाही केले असेही नाही. शिलाईवालीची वकील व्हायला मात्र लगेच तयार झाली. मग टेबलावरची वही, तिची एकुलती एक वही, ओढून तिने उद्याच्या पानावर लिहिले आणि मला वाचून दाखवले: सकाळी अकरा, शिलाईवालीकडे, मॅडम स्वतः सांगतील.

उद्या अकराच्या आत मी मेले, तर कलम ३ शिलाईवालीला वाचून दाखवावे. नाही मेले, तर मला कोणतीही सबब नाही.

हे सर्व मी वाचले, समजले आणि खाली सही केली.

सही (वाचता येत नसली तरी माझीच)

साक्षीदार १: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बुद्धी शाबूत, नाडी जलद.
साक्षीदार २: टायपिस्ट. माझ्यासमोर सही केली. कलम ६ टाइप करून देतो म्हणालो, बाई नको म्हणाल्या.

स्थळ: कोर्टासमोर, जिन्याखालचे टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार, सायंकाळी सव्वापाच