पुढचा उजवा

३ फेब्रुवारी, सोमवार

टप्-टप्-टप्-टाप. आज दाढी करताना कोळशीची चाल कानात आली, त्रेसष्ट वर्षांनी. माझे वडील अण्णा, त्यांची बर्फाची गाडी, तिला जुंपलेली काळी घोडी, आणि अंथरुणात पडून टापा मोजणारा नऊ वर्षांचा मी. शाळेतल्या सगळ्या कविता मी त्या चालीवर बसवल्या होत्या. गुरुजींनी फळ्यावर लघु-गुरू मांडले तेव्हा इतर पोरं गोंधळली. मला कोळशीनं आधीच शिकवलं होतं.

एवढं आठवलं, पण आत काही हललं नाही. माझी ही गेल्याला चार महिने झाले, तेव्हापासून असंच. चहा गरम आहे हे जीभ सांगते. मला कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

फिरायला गेलो तो घोडेस्वारीच्या शाळेवरून. कुंपणापलीकडे एक घोडा दुडक्या चालीत फिरत होता. टाप-टप, टाप-टप. सारखं पडत नव्हतं. त्याला फिरवणाऱ्या मोतद्दाराला म्हटलं, "याचा पाय दुखतोय."

"कुठला, आजोबा?"

"ते तुम्ही बघा."

हसला. उगाच बोललो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

"ओ मास्तर, थांबा जरा!" फाटकातून मोतद्दारानं हाक मारली. मी मास्तर होतो हे याला कसं कळलं? म्हणे, "छत्री अशी पट्टीसारखी धरून दुसरं कोण चालतं?"

त्या घोड्याचा नाल काढला तर खुरात पू. मालकीणबाई बाहेर आल्या. किती वर्षं घोड्यांत होतात, विचारलं. एकही नाही म्हटलं. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी या. आम्ही एकेक घोडा फिरवतो, तुम्ही फक्त ऐकायचं. रीतसर नोकरी. पंचवीस तारखेपर्यंत सांगा."

'मोठेपणी मी कोण होणार?' हा निबंध मी चौतीस वर्षं मुलांना घातला. स्वतःचा लिहायचा राहिलाच होता. आता बहात्तराव्या वर्षी!

९ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. त्याचा आवाज शेजारच्यांनाही ऐकू जातो.

"नोकरी? आणि घोड्यांची? लाथ बसली की धावायचं कुणी? आम्हीच ना! बाबा, खोली रंगवून ठेवलीय तुमच्यासाठी. घर बंद करा, एजंटला किल्ली द्या आणि या."

त्याचं चुकत नाही. मला इकडे काय अन् तिकडे काय.

मग लेकीचा फोन, सासरहून. "बरी आहे." काय चाललंय? "काही नाही, बाबा." ठेवला. पूर्वी मायलेकींचं बोलणं सुरू झालं की गॅसवरची भाजी हमखास करपायची.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हिचा चष्मा खोक्यात ठेवला. काही वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फाटकाच्या आत गेलो. दोन तास उभा होतो. एक घोडी तीन ठेक्यांत दौडत आली. ल गा गा, ल गा गा. अस्सल भुजंगप्रयात! चौतीस वर्षं जो टेबलावर बोटं आपटून शिकवला तो समोरून धूळ उडवत गेला.

पायातून पू काढलेल्या घोड्याचं नाव बिस्कीट. त्याच्या मानेला कपाळ टेकलं. घाम, गवत, चामडं. लहानपणी या वासासाठी मी जेवण सोडून पळायचो. आज मान उबदार लागली. तेवढंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घोड्यांचे डॉक्टर आले होते. दुखरा पाय एवढ्या जोरानं का पडतो, असं त्यांना सहज विचारलं.

"उलट आहे, मास्तर. दुखऱ्यावर भार कोण देईल? तो अलगद टेकतो. धाडकन पडतो तो धडधाकट. बिचारा दोघांचं ओझं वाहत असतो."

तसाच घरी आलो.

कोळशीची चाल बिघडलेली मीच ऐकली होती. अण्णांना म्हणालो, "पुढचा उजवा." तोच जोरात वाजत होता. अण्णांनी तो उचलला, खुर खरवडला, दाबून पाहिला. "चांगलाय की रे." गाडी जुंपली. उतारावर डावा पाय गेला. कोळशी पुन्हा उठली नाही. अण्णा मला कधीच काही बोलले नाहीत.

आजवर मी मनात धरून होतो की अण्णांनी नीट पाहिलं नाही. त्यांनी नीट पाहिलं होतं. पाय मी चुकीचा सांगितला.

रडू येईल वाटलं. नाही आलं. भांडी घासली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मालकीणबाईंना नाही म्हणून आलो. का, विचारलं. म्हटलं, "माझ्या कानावर कुणी विसंबून राहू नये."

मोतद्दार म्हणाला, "मग आमच्या बिस्कीटचं कोण ऐकणार?" मी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

मुलाला कळवलं, येतो. तो फोनवर आनंदानं ओरडलाच. सोमवारी दहाला एजंट किल्ली न्यायला येईल.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. मुलगा म्हणतो, "असेल कामात."

२४ फेब्रुवारी, सोमवार

बॅग भरून दाराशी बसलो होतो. पावणेदहाला जिन्यात पावलं. एजंट लवकर आला म्हणायचा. पण नाही. टाप-टप, टाप-टप. उजवं जोरात. डावं अलगद.

बेल वाजायच्या आधी दार उघडलं. लेक. हातात एकच पिशवी. "काही नाही, बाबा. सहज आले."

मी विचारलं, "डावा पाय कशानं दुखावला?"

ती उंबऱ्यावरच बसली. "ढकललं त्यांनी. तिकडे परत पाठवू नका."

एजंटला दारातूनच वाटेला लावलं. मालकीणबाईंना निरोप धाडला, उद्यापासून येतो. तिच्या घोट्याला बर्फ लावला. माझी बोटं झोंबली.