लाईन येण्याच्या आधी

उर्वशीचे बाबा,

चामोर्शीहून मोबाईल चार्ज करून आले की चप्पल काढत बसू नका. आधी पोलापाशी जा अन् वावरातल्या तारेचा आकडा काढा. मी बांबूनं लई जोर लावला, माझ्यानं निघून नाई राह्यला. शेजारच्यायले बोलावलं असतं, पण काय सांगू? डुकरांसाठी लावलेली तार लागून तुमची माय गेली, तवा तुमीच गावाले साप चावला म्हणून सांगितलं.

तुमचे बाबा दुपारपासून वावरात हायेत. मामाजीले आणाले चालली. उर्वशीले गुणाबाईकडे ठेवली.

वादळानं लाईन गेली तवापासून गावात ना पंखा ना चक्की. मामाजी म्हणतात, आता कुठी तुमच्या मायचा आवाज नीट ऐकू येते, वावराच्या धुऱ्यावरून बोलावून राह्यली. मी त्यायले दटावलं. पण आज भांडे घासताना मलेही ऐकू आला. माझं नाव घेत होती.

माय पडली त्याच जागी मामाजी तार मुठीत धरून बसतात. सोडवाले गेलं तर म्हणतात, "राहू दे बाई, तार थंडीच हाय अजून."

लाईनमन सांगून गेला, आज संध्याकाळपर्यंत लाईन येईन. म्हणून म्हणते, आधी आकडा.

काल मामाजी मले घडीघडी विचारत होते, "लाईन कवा येईन, बाई?" मले वाटलं, गरमी होऊन राह्यली म्हणून विचारतात.

रंजीता