पोटात टिकणारी गोळी

२ एप्रिल
लिहिणं भाग पडलं, कारण आज बोलायची सोय राहिली नाही. आमच्या फार्मसी कॉलेजचे प्रिन्सिपॉल चिनुभाईंनी जाहीर केलं, की मधुमेहाच्या गोळीचा प्रोजेक्ट एकाच गोळीला मिळेल: माझ्या तरंगणाऱ्या किंवा झंखनाच्या फुगणाऱ्या. औषध हळूहळू सुटायचं तर गोळी संध्याकाळपर्यंत जठरात टिकली पाहिजे. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, गोळी राहिली तर रिटायरमेंटनंतर तुम्हीही राहाल."
काळजी नाही. झंखना माझीच जुनी विद्यार्थिनी, आता सहकारी. फुगणं तिला पहिल्यापासून जमतं.

४ एप्रिल
गोळी सकाळपासून बीकरमध्ये तरंगते आहे. चिनुभाईंनी विचारलं, पोटात काय होईल? पोट म्हणजे तरी काय, गरम बीकर.

५ एप्रिल
औषधाऐवजी बेरियम घालून गोळी गिळायची आणि एक्स-रे काढायचा. मी स्वतःच गिळणार. एवढं शिस्तीचं पोट कॉलेजात दुसरं नाही.
झंखनाचं म्हणणं, आधी तुपाचं जेवण हवं आणि माझी तर आयंबिलची ओळी, आमचं नऊ दिवसांचं जैन व्रत, चालू: तूप, तेल, दूध, साखर बंद, दिवसातून एकदा उकडलेले मूग. ओळी संपू दे म्हणाली. "घाई कसली, बेन?"
चाल ओळखली. घाई तिलाच नाही, तिच्या रिटायरमेंटला अवकाश आहे.

७ एप्रिल, दुपारी
एका बैठकीत मूग, उकळलेलं पाणी, गोळी. व्रत राखलं, विज्ञानही राखलं. झंखना समोर बसून फाफडा-जलेबी खात होती. त्यावर तिने आपली गोळी गिळली. खाणं गोळीसाठी, म्हणे. विज्ञानाच्या नावाखाली माणसाने किती चरावं.

७ एप्रिल, संध्याकाळी
एक्स-रेमध्ये माझ्या जठरात गोळी नाही. मशीन जुनं असणार. दुसरा काढला. गोळी सापडली, आतड्यात, बरीच खाली. टेक्निशियनला पोटाचा भूगोल येत नसावा. झंखनाची जठरात ठाण मांडून.
चिनुभाईंसमोरच ती हळू म्हणाली, "तूप नसलं की जठर लवकर रिकामं होतं, बेन. तुम्हीच शिकवलंत, दुसऱ्या वर्षाला."
मी इतकं चांगलं शिकवत होते, हे कोणी आधी सांगितलं नाही.

३० एप्रिल
आज रिटायर झाले. बीकर देण्याआधी शेवटची गोळी टाकून पाहिली. तरंगली.
झंखनाला सुपूर्द: प्रयोगशाळेची किल्ली, गोळ्या दाबायचं मशीन, बीकर, खुर्ची.
मला सुपूर्द: शाल, आणि झंखनाने घरी केलेला मोहनथाळ, तुपाने निथळणारा. सकाळीच खाल्ला. अजून पोटात आहे.