आधी कोणी पाहिलं

प्रिय दादा,

माझ्या अक्षरातलं पाकीट पाहून घरातलं कोण गेलं असं तुला वाटलं असेल. कोणीही गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत, काही जण तर गरजेपेक्षा जास्त. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी फोनवर बोलायला लागले की तू फोन टेबलावर ठेवून एक पेशंट तपासून येतोस आणि परत येऊन बरोबर जागी 'हं' म्हणतोस, हे वहिनीनं मला कधीच सांगून टाकलंय. कागदाला 'हं' म्हणून भागत नाही. तो वाचावा लागतो.

दुसरी बातमीही वहिनीचीच. तू सायकल विकायला काढलीस. दवाखान्यात, 'रात्री दात घासल्याशिवाय झोपू नका' या तुझ्या लाडक्या पाटीखाली चिठ्ठी लावलीस म्हणे: डोंगरात चालवायची सायकल, उत्तम स्थितीत, मालकाला आता उपयोग नाही. दादा, हे पत्र वाचून होईपर्यंत ती चिठ्ठी काढून खिशात ठेव. दाढदुखीनं आलेला माणूस कशालाही मान हलवतो. तोंडात कापसाचा बोळा असताना एखाद्यानं 'अं' केलं तर तू तो होकार समजशील आणि सायकल जाईल. मला ती जायला नको आहे. पत्राचा विषय एवढाच. बाकी सगळी त्या विषयाकडे जाणारी वाट आहे, आणि ती जरा वळणावळणाची आहे.

वर्तमानपत्रात माझं काम म्हणजे वाचकांची पत्रं कापणं, हे तुला माहीतच आहे. वीस वर्षांत एक गोष्ट शिकले: पत्र लिहिणारा माणूस मुद्द्यावर येतो तो शेवटच्या परिच्छेदात. त्याआधी तो स्वतःचं वय सांगतो, हवेबद्दल बोलतो, संपादकांची तारीफ करतो. मी वरचं सगळं उडवते आणि शेवटचा परिच्छेद छापते. आज माझ्यावरच ती पाळी आलीय. तू मात्र कात्री हातात घेऊ नकोस.

तुझ्या चाळिशीला तू दोन सायकली आणल्यास, एक तुला, एक वहिनीला. वहिनी फाटकापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, मी या घरात नांदायला आले, दरीत पडायला नाही. त्यामुळे वहिनीची सायकल, वहिनीच्या उंचीची सीट आणि वहिनीचं गुलाबी हेल्मेट असा सगळा ऐवज माझ्या वाट्याला आला. पहिल्याच रविवारी तू पाना घेऊन दोन्ही सायकलींच्या घंट्या काढल्यास. घंटीनं प्राणी पळतात म्हणालास. मग माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, एक घंटी राहिलीच की, हिला कुठला पाना लावू. तेव्हापासून घरात माझं नाव घंटी. तुझ्या मुलीसुद्धा मला घंटीआत्या म्हणतात, आणि मोठी तर चारचौघांत म्हणते.

घंटीच्या जागी तू हाताचा नियम आणलास. पुढच्याला काही दिसलं की त्यानं आधी डावा हात वर करायचा, मग सावकाश ब्रेक दाबायचा. मागच्यानं हात दिसताच थांबायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. लोकांना दात कसे घासायचे ते जसं शिकवतोस तसंच मला हे शिकवलंस, दर रविवारी, नव्यानं, मी आयुष्यात प्रथमच ऐकते आहे अशा थाटात. आधी हात, मग ब्रेक. ती वाट इतकी अरुंद, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला ओढा, की दुसरा काही इलाजही नव्हता.

आणि ती वही. टूथपेस्ट कंपनीनं फुकट दिलेली, वर हसणारी दाढ. दाढ कशाला हसते आहे ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. आत चार रकाने: तारीख, जागा, प्राणी, आधी कोणी पाहिलं. त्या चौथ्या रकान्यावरून आपण जितके भांडलो तितके आईच्या दागिन्यांवरूनही भांडलो नाही. साळिंदर तुझं. बुंध्याला शिंगं घासणारं हरीण तुझं. धुक्यात ज्या रानडुकराला मी दगड समजून टेकायला निघाले होते, तेही तुझं, कारण मी त्याला दगड म्हणाले आणि दगडाला रकाना नसतो असा तू निकाल दिलास. कोल्हा आपली उकडलेली अंडी डब्यासकट घेऊन गेला, त्या दिवशी चौथ्या रकान्यात तू लिहिलंस, 'कोल्ह्यानं.' आपण उपाशीपोटी दरी उतरलो, आणि हसण्याच्या नादात तू गिअर चुकवलास नि साखळी उतरली. मला अजून तो रविवार आठवला की भूक लागते.

असे अकरा वर्षांत तुझे त्र्याण्णव झाले आणि माझे एकतीस. पाणमांजर मात्र दोघांच्याही नशिबात नव्हतं. ओल्या वाळूत पावलं दिसायची, दगडावर माशांचे खवले पडलेले असायचे, आणि ते स्वतः कुठूनतरी आपल्याला बघत हसत असणार, त्या दाढेसारखं. मग दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार आला. मी पुढे होते. ओढ्याच्या वळणावर मी थांबले, तू थांबला नाहीस, मला चुकवायला सायकल वळवलीस आणि खाली गेलास. खांदा, घोटा, तीन महिने दवाखाना बंद. घरात सगळ्यांनी तेव्हापासून एकच गोष्ट धरली आहे, तूही तीच धरलीस: मी हात वर केला आणि तुझं लक्ष नव्हतं.

तू येईनासा झाल्यावर वर्षभर मीही गेले नाही. मग आमच्या खेळाच्या पानाचा उपसंपादक मागे लागला. त्याचे कपडे इतके घट्ट असतात की चढावर त्याला बोलायला श्वास उरत नाही, ही त्यातली मोठी सोय. मनगटावरच्या घड्याळात तो नाडीचे ठोके बघतो, चढाची उंची बघतो, काय काय जळलं ते बघतो. मागच्या महिन्यात वरच्या रानात, वठलेल्या झाडाच्या ढोलीत घुबड बसलं होतं, सायकलवरून हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर. हा त्याच्या अंगावरून गेला. मी थांबले. माथ्यावर पोचले तेव्हा म्हणाला, ताई, चार मिनिटं घालवलीत तुम्ही. मी म्हटलं, घुबड होतं. तो म्हणाला, मग सरासरी बिघडणारच. ते घुबड मी वहीत लिहिलं नाही. ज्याच्याशी भांडायचं तोच नसेल तर चौथा रकाना घेऊन काय करू.

गेल्या रविवारी मात्र एकटीच गेले. नाक्यावरच्या वनरक्षकानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, ते न बोलणारे साहेब कुठे असतात हल्ली. दवाखान्यात, मी म्हटलं. आजारी आहेत का, म्हणाला. नाही, डॉक्टर आहेत. मग येत का नाहीत, म्हणाला. मी सहीसाठी पेन मागितलं. त्यानं माझ्यापुढे 'माणसं: एक' असं लिहिलं. तिथे वर्षानुवर्षं 'दोन' असायचं.

दरीत अजून ऊन उतरलं नव्हतं. वळणाच्या आधी मी उतरले आणि सायकल हातात धरून चालत गेले. तुझ्या पेडलनं दगडावर ओढलेली रेघ अजून तिथे आहे. तिच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं पाण्यावर बुडबुड्यांची एक ओळ सरकत आली आणि तिच्या टोकाला डोकं वर आलं: चपटं, मिशाळ, ओलंचिंब, उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे बघणाऱ्या हेडमास्तरांसारखं नाराज. मागे दोन पिल्लं. आईनं मासा दगडावर टाकला. मोठं पिल्लू तो पायाखाली धरून गप्प बसलं आणि धाकटं शेजारी उभं राहून अखंड चिवचिवत राहिलं. मला आपलं घर आठवलं. माझा डावा हात आपोआप वर गेला. मागे कोणी नव्हतं. तरी हात मी तसाच ठेवला, खांदा भरून येईपर्यंत.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. आधी सायकलीच्या चिठ्ठीचं सांगितलं. मग म्हणाली, हे हल्ली रूट कॅनाल करत नाहीत गं, नव्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवतात. विचारलं तर म्हणतात, ज्याला दहा फुटांवरून बहिणीचा वर केलेला हात दिसला नाही, त्यानं लोकांच्या दाढेतल्या नसा शोधू नयेत. तीनदा डोळे तपासून झाले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, कृपा करून परत येऊ नका. एवढं सांगून ती म्हणाली, तू बोल ना काहीतरी यांच्याशी, एरवी एवढी बोलतेस.

तर हा शेवटचा परिच्छेद. दादा, तुला हात दिसला नाही, कारण मी हात वर केलाच नव्हता. त्या दिवशी तूच मला पुढे घातलंस, बासष्टनं मागे आहेस, आज पुढे हो म्हणालास. वळणावर पाण्यात मला ते चपटं डोकं दिसलं. हात वर केला असता तर तुलाही दिसलं असतं. मला ते क्षणभर एकटीला हवं होतं. दोन्ही हातांनी ब्रेक करकचून दाबले आणि मागे तू आहेस हे विसरले. रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर तू पहिलं वाक्य बोललास ते, 'तू हात केला असशील गं, माझंच लक्ष नव्हतं.' मी तुझी उशी सारखी केली. वहिनीला वाटलं, धक्क्यानं हिची वाचा बसली. त्यानंतर दोन वर्षं मी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले, तेवढं सोडून. तुझी नजर चांगली आहे, दादा. नसलेला हात न दिसणं यालाच चांगली नजर म्हणतात. वही सोबत पाठवते आहे. त्यात त्या रविवारची नोंद केली आहे: पाणमांजर, ओढ्याचं वळण, आधी कोणी पाहिलं: मी. शेजारी पट्टीनं पाचवा रकाना आखून त्यात लिहिलंय, 'हात केला नाही.' त्याच्या खालची ओळ गेल्या रविवारची, पाणमांजर आणि दोन पिल्लं. तिचा चौथा रकाना कोरा ठेवलाय. तुला रागवायचं असेल तर रागाव, आणि घाईघाईनं उरकू नकोस. वनरक्षक म्हणतो, पिल्लं अजून बरेच महिने आईजवळ राहतील. पण रूट कॅनाल उद्या सकाळपासून सुरू कर. आणि खिशातल्या त्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला कळव, येतोस की नाही. माझ्या सायकलला मी घंटी बसवून घेतली आहे. प्राणी पळाले तर पळोत. मागे राहा म्हणालास तर मागे राहीन, पण जमलं तर एकदा मला पुन्हा पुढे घाल.

तुझीच, वाचा परत आलेली,
घंटी