अनिताचा टेनिसवाला

१ जुलै २०२५, मंगळवार

आज पुन्हा! जेवणाच्या सुट्टीत अनिता कारखान्यामागच्या पायरीवर आणि मोबाईलवर तोच टेनिसचा पिक्चर. मोबाईल अगदी नाकाला लावून. नवऱ्याकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाही बाईने! कामावरची हौसा रंग ढवळता ढवळता म्हणते, "दादा, वयनीन नवा नवरा बघितलान!" सगळे हसले. मीही हसलो.

४ जुलै

बघितला तो पिक्चर. पूर्ण. हीरो टेनिसपटू, हिरॉइन पंच. तो फटका मारतो, ती "बाहेर!" ओरडते, तो भांडतो आणि प्रेमात पडतो. चुका मोजल्या — सात! मनगटाचा पट्टा डाव्या हातात, चेंडू परत येईपर्यंत उजव्या. नियम दोन दिवसांत मी आपले आपण वाचून काढले. पंधरा, तीस, चाळीस — पंचेचाळीस का नाही, ते मात्र कुठे सापडलं नाही.

नाक बरं आहे त्याचं. एवढंच.

७ जुलै

दीड फुटी गणपतींचे डोळे तपासले. अनिताने आखलेल्या सहा मूर्तींत डावं बुबुळ सरकलंय. केसभरच, पण सरकलंय. देव गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून पलीकडे बघतोय! डोळे आखायला हिला मी शिकवलं. मला कुणी नाही शिकवलं. हमरापूरच्या कारखान्यांच्या खिडक्यांत उभा राहून शिकलो. पुढे ती माझ्याही वर गेली, तेही खरं. पण मन दुसरीकडे असलं की हात असाच जातो.

९ जुलै, बुधवार

रोह्याला गेली, बहिणीकडे, इंदूकडे. मागच्या बुधवारीही गेली होती. इंदूला फोन केला. "आलीवती. चाय पिऊन लगेच गेली. तुम्हाला नाय सांगितलन?"

नाय सांगितलं! संध्याकाळच्या गाडीने आली. पिशवीतलं काहीतरी पटकन फळीवरच्या डब्यात टाकलं. विचारलं नाही. मी का विचारू?

११ जुलै

आणखी दोन मूर्ती बिघडल्या. "ठेव तो ब्रश. जा, बघ तुझा टेनिसवाला." सगळ्यांदेखत बोललो. वाटलं, भांडेल. नाही. ब्रश धुतला, त्याचे केस जुळवून टोक केलं, माझ्यापुढे ठेवला. "यंदा तुम्हीच काढा."

भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ जुलै

डोळे मी काढतोय. पापणी तिच्यासारखी येत नाही.

१३ जुलै

तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसलो. शेवटची मॅच चालू होती. म्हटलं, परीक्षाच घेऊ. "सांग, चेंडू रेषेच्या आत की बाहेर?"

म्हणाली, "रेष दिसतेय कुठं, अहो? मे महिन्यात दिसायची. चेंडूपण दिसायचा. रोज लावून बघते, आज तरी दिसल म्हणून. रोह्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत. बोलले, गेलं ते परत येणार नाय. राहिलंय ते टिकवायचं."

"आणि तो हीरो?" विचारलं मी. तेव्हाही विचारलंच!

"त्याचं तोंड कोणी बघितलंय?"